कोटाच्या घडीतला निळा

मित्रांनो, अंगठ्याएवढा असलो तरी मी तुमच्यातल्या पुष्कळांपेक्षा वयाने मोठा आहे. मी एक जुना पुतळा. डाव्या हाताला पंजा नाही, अंगावर धड एक रंग नाही, आणि चेहरा म्हणाल तर तो कुणाचाच नाही. मला काचेच्या कपाटात कधी कुणी मांडले नाही. तरीही माझी गोष्ट ऐकलीत तर वेळ फुकट गेला असे तुम्हाला वाटणार नाही, अशी माझी समजूत आहे.

एका अरुंद जिन्याच्या टोकाला दोन खोल्या आहेत, तिथे माझा जन्म झाला. मागच्या खोलीत भाऊ माणसे घडवतो आणि पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी, त्याची ताई ती रंगवते. 'माणसे' हा त्यांचाच शब्द. "आज तीन माणसं ओतली," असे भाऊ सहज म्हणतो आणि जिना चढून आलेले नवे गिऱ्हाईक दचकते.

लोक त्यांच्याकडे फोटो घेऊन येतात. कुणाला निवृत्त होणाऱ्या बसचालकाचा पुतळा हवा असतो, कुणाला दूर राहायला गेलेल्या लेकीचा, कुणाला आता या जगात नसलेल्या वडिलांचा. भाऊ आधी तो मातीत घडवतो, त्यावरून रबराचा साचा घेतो आणि साच्यात रेझिन ओततो. रेझिन ओतताना मधासारखे असते आणि थोड्या वेळाने दगडासारखे घट्ट होते.

मीही असाच ओतला गेलो. लांब कोट घातलेला कुणी गृहस्थ व्हायचे माझ्या नशिबी होते. पण मनगटापाशी हवेचा बुडबुडा अडकला आणि माझा पंजा तयारच झाला नाही. भाऊने मला उजेडाशी धरले, नाक मुरडले आणि टोपलीत टाकले. मी जन्माला येऊन पाच मिनिटेही झाली नव्हती.

"अरे, टाकू नकोस," ताई म्हणाली. "कोटाला घड्या काय छान पडल्यात. मला रंग करून बघायला होईल."

"घे मग. थोटेराव आजपासून तुझे," भाऊ म्हणाला.

हे नाव मला चिकटले ते कायमचे. मला ते आवडत नाही, पण त्याखेरीज मला दुसरे नावही नाही.

आता माझे काम काय ते सांगतो. गिऱ्हाइकाच्या माणसाला ताई कधीही थेट ब्रश लावत नाही. सगळे प्रयोग आधी माझ्यावर. खालचा पहिला हात पांढरा द्यावा की काळा, हे माझ्या अंगावर ठरते. पातळ केलेला गडद रंग घड्यांत ओघळू दिला की कापड खोल दिसते, आणि जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की तेच कापड जुने दिसते, हे ती माझ्या कोटावर शिकली. भट्टीवर काम करणाऱ्या एका माणसाच्या गंजक्या शिरस्त्राणासाठी तिने माझ्या डोक्यावर ओल्या रंगात मिठाचे खडे चिकटवले, वरून दुसरा रंग दिला आणि वाळल्यावर मीठ झटकून टाकले. गंज हुबेहूब जमला. पण त्यासाठी चार दिवस मी डोक्यावर मीठ घेऊन उभा होतो, हे कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

माझा चेहरा तर सार्वजनिक आहे. एका नर्सच्या गालांवरची थंडीतली लाली करायची होती, तेव्हा ताईने आधी जांभळा लावला, त्यावर पिवळसर, त्यावर गुलाबी. माणसाच्या कातडीखाली जांभळा दडलेला असतो, हे मला माझ्याच गालावर कळले. एकदा माझा उजवा गाल एका म्हाताऱ्या मास्तरांचा होता आणि डावा त्यांच्या नातीचा. त्या आठवड्यात मी कुणाकडे बघून हसावे तेच मला समजत नव्हते.

सगळेच प्रयोग जमतात असे नाही. एका दमट दिवशी ताईने वरचे वार्निश मारले आणि ते माझ्या अंगावर धुक्यासारखे पांढरे फटक होऊन बसले. तीन दिवसांचे काम पाण्यात गेले. त्या दुपारी ताईने जेवणाचा डबा उघडलाच नाही. "नशीब समज, थोटेरावांवर झालं, गिऱ्हाइकाच्या माणसावर नाही," भाऊ तिला म्हणाला. कुणी माझे कौतुक केले ते एवढेच.

प्रयोग जमला की गिऱ्हाइकाचा माणूस रंगतो, वाहवा त्याची होते, आणि मी स्पिरिटच्या बरणीत जातो. तासभर मुरलो की ताई जुन्या टूथब्रशने मला खसाखसा घासते. आधी मला याचा फार राग येई. आताच तर मी कुणीतरी झालो होतो, आणि लगेच पुन्हा कुणीच नाही. पण मित्रांनो, एक गोष्ट ताईलाही ठाऊक नव्हती. कितीही घासले तरी माझ्या कोटाच्या खोल घड्यांत प्रत्येक रंगाचा एखादा कण राहतोच. बगलेत त्या नर्सचा पांढरा आहे, कॉलरखाली बसचालकाचा खाकी आहे. ते सगळे मी जपून ठेवले होते, आणि ते कुणाला दिसत नव्हते.

भाऊ मात्र ताईच्या मागे लागलेला असे. "कुठला रंग किती थेंब घेतला ते लिहून ठेव गं ताई." त्याने तिला त्यासाठी एक जाड वही आणून दिली होती.

"हाताला लक्षात असतं," ताई म्हणे. तिने ती वही टेबलाच्या लंगड्या पायाखाली सरकवली होती आणि तिथे तिचा खरोखरच चांगला उपयोग होत होता.

अशी काही वर्षे गेली. मग एके दिवशी सकाळी जिन्यावर सावकाश पावले वाजली आणि शिंपीकाका आत आले. हाताला धरून त्यांची सून होती. काकांचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती, पण मोजपट्टी अजून गळ्यात होती. ती घातल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत, असे सूनबाईंनी सांगितले. काकांनी खिशातून एक कृष्णधवल फोटो काढला. त्यात एक तरुण बाई एका पायरीवर पाय ठेवून उभी होती. अंगात लांब कोट होता आणि वाऱ्याने त्याची एक बाजू उडाली होती.

"ही माझी बायको," काका म्हणाले. "आणि हा कोट मी शिवलेला. स्वतःचं दुकान घातल्यावर पहिला. तेव्हा लग्न व्हायचं होतं."

"चेहरा मी फोटोवरून घडवीन," भाऊ म्हणाला. "कोटाचा रंग कुठला होता?"

"निळा. पण तुम्ही म्हणाल तो निळा नाही." काकांनी बोटांनी हवेत कापड चाचपले. "आमचा खुणेचा निळा खडू असतो ना, तो कापडावर ओढला आणि मग झटकला, तर मागे जेवढा उरतो, तेवढाच."

ताईने मान डोलावली. तिला असे बोलणारी माणसे आवडतात.

"त्या कोटाचं एक चिंधूकसुद्धा उरलं नाही," काका म्हणाले. "माझ्यानंतर तो रंग कुणाला माहीत असणार नाही. म्हणून आलो."

"बाबा अजून शिवतात थोडंफार," सूनबाई कौतुकाने म्हणाल्या. "फक्त सुई मला ओवून द्यावी लागते."

त्याच दुपारी ताईने मला पुढ्यात घेतले. पांढऱ्यात निळा, त्यात काळ्याचा ठिपका, पुन्हा पांढरा. लोकरीचा पोत यावा म्हणून ब्रश ओढायचा नाही, नुसता टेकवत न्यायचा. पहिला प्रयोग म्हणून तिने तो माझ्या पाठीवर केला, कोटाच्या पट्ट्याखालच्या खोल घडीपासून. वाळल्यावर तिने मला खिडकीत धरले आणि ती बराच वेळ बघत राहिली. मलाही तो रंग फार आवडला होता. इतका हलका रंग माझ्या अंगावर पूर्वी कधीच चढला नव्हता.

काका आले, मला नाकाजवळ धरून पाहिले आणि म्हणाले, "हा मळका आहे गं. ती एवढा मळका कोट घालून बाहेर पडली नसती."

ताईचा चेहरा उतरला. तिने निळा वाढवला. काका पुन्हा आले. "अजून मळकाच." तिने काळा काढून टाकला. ते पुन्हा आले. असे पाच वेळा झाले आणि माझ्या कोटावर पाठीकडून पोटाकडे पाच निळे पट्टे उभे राहिले, एकाहून एक गडद. चौथ्या खेपेला रंग नीट दिसावा म्हणून ताईने माझ्याखाली कोरा कागद ठेवला.

"हा पिवळा कागद काढ ना बाळ," काका म्हणाले. "त्याच्यावर रंग कळत नाही."

ताईने भाऊकडे पाहिले. काका गेल्यावर तिने विचारले, "अरे, कागद पांढरा आहे ना?"

"पांढराशुभ्र."

"मग काकांना..."

"ताई, कोट त्यांनी शिवला, बायको त्यांची. त्यांना दिसतो तो खरा," भाऊ म्हणाला. ताईला ते पटले नव्हते, पण तिने आणखी निळा घातला. पाचवा निळा चांगलाच भडक होता. तो पाहताच काकांचे डोळे भरून आले. "हाच," एवढेच ते म्हणाले. इतक्या आनंदात असलेल्या माणसाला 'काका, तुमच्या डोळ्यांत काहीतरी बिघाड आहे' असे कोण सांगणार? ताईनेही सांगितले नाही. तिने काकूंचा कोट पाचव्या निळ्याने रंगवला, आतून आणि बाहेरून. काकांनी काकूंना कापसात गुंडाळले, रिळांच्या डबीत ठेवले आणि डबी छातीशी धरून ते जिना उतरले. आठवड्याभराने अग्निशमन दलातल्या एका माणसाचे काम आले आणि मी बरणीत गेलो. पाचही निळे टूथब्रशखाली निघून गेले.

दोन महिन्यांनी ती पावले पुन्हा जिन्यावर वाजली. या वेळी काका पुढे होते आणि सूनबाई मागून बोलत येत होत्या. काकांनी डबी उघडली, काकूंना टेबलावर उभे केले आणि एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि काकूंकडे पाहिले. मग डावा झाकला आणि पाहिले.

"या डाव्या डोळ्याने ही आहे," ते म्हणाले. "उजव्याने नाही. उजव्याने ही कोणीतरी परकी बाई आहे, भडक कोट घातलेली."

मित्रांनो, काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. मोतीबिंदू हळूहळू वाढतो आणि डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते. ज्याच्या डोळ्यात तो असतो त्याला वाटते, जगच थोडे मळले आहे. म्हणून काकांना तो भडक निळा त्यांच्या आठवणीतल्या कोटाइतका दिसला होता. आता उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते आणि त्या डोळ्यासमोर सगळे स्वच्छ होते. डाव्या डोळ्याची तारीख पंधरा दिवसांवर आली होती.

"आणि आता म्हणतात, दुसरं करायचंच नाही," सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, पण तो रागाने नाही, हे माझ्यासारख्या निर्जीवालाही कळत होते. "मागच्या महिन्यात कात्रीने बोट कापून घेतलं. परवा पायरी चुकले. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा फार दिवस थांबणार नाही. तुम्ही तरी सांगा यांना."

"जाईल तर जाईल," काका शांतपणे म्हणाले. "जाईपर्यंत तर ती दिसेल ना मला. एकदा पुसली गेली होती सूनबाई, आत्ता कुठे सापडली. पुन्हा नको."

मग ताईने ब्रश खाली ठेवला.

"काका, चूक माझी आहे. तुम्ही पांढऱ्या कागदाला पिवळा म्हणालात, तेव्हाच मला शंका आली होती. तुम्ही इतके खूश झालात की मला बोलवेना. मी आत्ता तो रंग बनवते. तुम्ही उजव्या डोळ्याने बघा."

तिने बनवायला घेतला. काका खुर्चीत बसून होते. एक निळा झाला, दुसरा झाला, आठ झाले. काका उजव्या डोळ्याने बघत आणि मान हलवत. पुढे पुढे तर त्यांची मानही हलेनाशी झाली. दोन महिने रोज तो भडक कोट बघून त्यांच्या आठवणीतला कोटही डळमळायला लागला होता. "आता मलाच नक्की आठवत नाही," ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. आणि ताईच्या हाताला, ज्या हाताला म्हणे सगळे लक्षात असते, त्या हाताला तो पहिला निळा काही केल्या आठवत नव्हता.

मला ओरडून सांगावेसे वाटत होते. मी टेबलाच्या कडेला, ब्रशांच्या भांड्यामागे उभा होतो. तो रंग माझ्यापाशी होता. पण पुतळ्याला तोंड असून काय उपयोग? इतका हतबल मी टोपलीत पडलो होतो तेव्हाही झालो नव्हतो.

मागच्या खोलीच्या दारात भाऊ हात पुसत उभा होता. "थोटेरावांना विचारून बघितलंस का?" तो म्हणाला.

"त्यांना घासलं रे मी. दोनदा," ताई म्हणाली.

"तू घासतेस त्याला मी रोज बघतो. घड्यांतलं तुझं कधीच निघत नाही."

त्याने मला उचलले, भिंग घेतले आणि खिडकीत नेले. आधी बगल पाहिली, मग कॉलर. मग माझी पाठ उजेडाकडे केली आणि तो थांबला. पट्ट्याखालच्या खोल घडीत, तिळाएवढा, तो होता. ताईने भिंगातून पाहिले आणि मला काकांच्या हातात दिले.

काकांनी डावा डोळा झाकला आणि उजवा भिंगाला लावला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले, ती पार कोपऱ्यावर पोहोचून ऐकू येईनाशी झाली, तरी काका तसेच बसून होते.

"हा," ते म्हणाले. "हाच आहे. अगं, मग हा आधी का नाही दाखवलास?"

"पहिला हाच दाखवला होता काका," ताई म्हणाली. "तुम्ही मळका म्हणालात."

काकांनी भिंग खाली ठेवले. मग त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पुन्हा माझ्या पाठीकडे पाहिले, आणि तो तिळाएवढा निळा त्यांना पुन्हा मळका दिसला. "म्हणजे ती आली होती," ते हळूच म्हणाले, "आणि मी तिला परत पाठवली. मळका माझा डोळा होता."

त्यांना रडू आले. सूनबाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने काकांनी मोजपट्टीच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाले, "डॉक्टरांना सांग, ठरलेल्या तारखेला येतो."

ताई काकूंना स्पिरिटमध्ये घालायला निघाली, तेव्हा मात्र काकांनी तिचा हात धरला. "घासू नकोस तिला. आम्ही जुना कोट उसवून उलटवून शिवायचो, माहीत आहे? कापड तेच, माणूस तोच, वरची बाजू तेवढी नवी. तू नवा रंग वरून दे. आणि वाऱ्याने उडालेली ही बाजू आहे ना, तिथे आतून हा गडद निळा तसाच राहू दे. अस्तर म्हणून." बरणीत जाणे म्हणजे काय ते मी जाणतो. काकांविषयी माझ्या मनात त्या दिवशी फार माया दाटून आली.

काकूंना घेऊन ते घरी गेले. आणखी थोडे दिवस डाव्या डोळ्याने बघून घेतो, म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सूनबाई डबी आणून देऊन गेल्या.

ताईने टेबलाच्या लंगड्या पायाखालून वही ओढून काढली. टेबल डुगडुगायला लागले. मग तिने माझ्या घडीतल्या त्या कणाशेजारी एकेक मिश्रण सुईच्या टोकाने लावायला सुरुवात केली. ओला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून प्रत्येक कण वाळेपर्यंत थांबायचे, मगच ताडून बघायचे आणि वहीत थेंब लिहायचे. तीन दिवस ती हेच करत होती. अकराव्या ओळीपाशी तिने पेन खाली ठेवले. भडक निळ्यावर तो हलका निळा बसायला पातळ पातळ सात थर लागले. जाड लावला असता तर कोटाची बटणे बुजली असती. प्रत्येक थर आधी माझ्या कोटाच्या पुढच्या बाजूवर, घड्या सोडून, आणि मग काकूंवर. सात थर होईपर्यंत आम्ही दोघे एकाच रंगाचे होतो, आणि लपवून काय करू, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

काका आले ते एकटेच आले. जिना ते कठड्याला न धरता चढले. दोन्ही डोळे उघडे ठेवून ते काकूंसमोर बसले आणि खूप वेळाने, दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलावे तसे म्हणाले, "आलीस?"

ताईने तोंड फिरवून ब्रश धुवायला घेतले. ते धुतलेलेच होते.

जाताना काकांनी मला मागितले. एका दिवसासाठी, उसना. मी बरणीखेरीज कुठेही गेलेलो नव्हतो, आणि त्या दिवशी मी काकांच्या कोटाच्या वरच्या खिशातून अख्खी कापडबाजाराची गल्ली पाहिली. लाकडी फळ्यांवर गठ्ठेच गठ्ठे, कात्र्यांचा आवाज, नव्या कापडाचा वास. दुकानदार काकांना ओळखत होते. ते नमुना मागत आणि काका खिशातून मला काढून माझी पाठ दाखवत.

"हा कोण?" एकाने विचारले.

"माझा नमुना," काका म्हणाले. "याच्या पट्ट्याखाली बघा. भिंग आणलंय."

एकदोघे गालातल्या गालात हसले. काका प्रत्येक कापड दुकानाबाहेर, उन्हात आणून ताडत. दुकानातल्या दिव्यांवर त्यांचा विश्वास नाही. सहाव्या दुकानात, उरल्यासुरल्या तुकड्यांच्या टोपलीत, अगदी तळाशी, वीतभर तुकडा निघाला. काकांनी तो माझ्या पाठीला लावला, उन्हात धरला आणि हसले. तो टोपलीतून निघाला याचे मला विशेष बरे वाटले. मीही तिथूनच आलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत आणले तेव्हा मी एका छोट्या पिशवीत होतो. त्या वीतभर तुकड्याची पिशवी, आतून गडद निळे अस्तर, तोंडाला नाडी. टाके इतके बारीक की ताईने ते मोजायला भिंग घेतले.

"थोटेरावांना पांघरूण," काका म्हणाले. मग सहज सांगावे तसे म्हणाले, "सुई मी ओवली. सूनबाईला हाक नाही मारली."

तेव्हापासून मला कुणी घासलेले नाही. प्रयोगांना आता नवा पुतळा आहे. त्याचा एक कान ओतताना गेला आहे, आणि भाऊने त्याचे काय नाव ठेवले असेल ते तुम्ही ओळखालच. टेबलाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा आहे आणि वही टेबलावर. मी खिडकीशी, माझ्या पिशवीत असतो. एखादा जुना रंग अडला की ताई नाडी सोडते, मला उजेडात धरते आणि माझ्या घड्यांत शोधते.

मित्रांनो, तुम्हीही चित्रे काढत असाल, काही बनवत असाल. पहिला प्रयत्न कुणी मळका म्हटला की तुम्ही तो खोडता, फाडता, धुऊन टाकता. माझी एवढीच विनंती आहे की तसे लगेच करू नका. त्यावर तारीख घाला आणि तो कुठेतरी जपून ठेवा. बघणाऱ्याचा डोळा स्वच्छ व्हायला कधी कधी दोन महिने लागतात, आणि तेव्हा तो तुमच्याकडे येऊन विचारणार आहे, "हा आधी का नाही दाखवलास?"